एकोणसत्तरचं रीळ

"बल्बले कोणी हात लावू नका," रविंद्रने तिसऱ्यांदा बजावलं आणि पुन्हा स्वतःच लावला.

नाताळची दुपार होती. सकाळची उपासना झाली, चर्चच्या आवारात दीड-दोनशे लोकांना सलाम करून झाले, मटण-पुलाव झाला, आणि मोहननगरच्या त्या घरात आता चारच माणसं उरली होती: मधुकरराव, त्यांचा थोरला रविंद्र, मधली प्रेमिला आणि धाकटी पुष्पलता. याच घरात एके काळी नाताळला तीस-तीस पानं पडत आणि उशिरा आलेल्याला परातीत जेवावं लागे. यंदा रविंद्रची बायको-मुलं कल्याणलाच राहिली, कारण मुलांना म्हणे नागपुरात करमत नाही. पुष्पलताच्या नवऱ्याला भिलाईत रजा मिळाली नव्हती. निदान पुष्पलता तसं सांगत होती, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगत होती.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर तिन्ही भावंडं नाताळला एकत्र आली ती या त्र्याऐंशी सालीच, आणि तीही रविंद्रच्या हट्टापायी. त्याला मुंबईच्या चोरबाजारात मशीनचा बल्ब सापडला होता.

मशीन म्हणजे प्रोजेक्टर. साठ साली मिशनच्या दवाखान्यातल्या मडमबाई मायदेशी निघाल्या, तेव्हा त्यांचा छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि मशीन मधुकररावांनी विकत घेतलं होतं. रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाने हे काय खूळ घेतलं, असं तेव्हा शेजारची सगळी खलाशी लाइन म्हणाली. फिल्म महाग आणि मिळायची मारामार. म्हणून वर्षाला एकच रीळ, आणि तेही नाताळचं. चार मिनिटांचं. निम्म्यावर ते उलटं करून पुन्हा भरावं लागे. त्या वेळी मधुकरराव घोंगडीत डोकं घालून अंगणात बसत आणि त्यांची बायको इंदूबाई घोंगडीची टोकं दाबून धरत. फिल्म धुवायला पोस्टाने मुंबईला जाई. त्यामुळे या घरात नाताळ डिसेंबरात होई आणि दिसे फेब्रुवारीत.

फिल्म मुकी होती, म्हणून एक रीत पडली होती. भिंतीवर जो बोलताना दिसेल त्याने आपलं वाक्य त्या वेळी जसं बोलला तसं मोठ्याने बोलायचं. जो हजर नसेल त्याचं वाक्य शेजारच्याने बोलायचं. आजोबा वारल्यावर त्यांची प्रार्थना रविंद्र म्हणे, अगदी त्यांच्या खोकल्यासकट, आणि आजी हसता हसता डोळे पुसे.

एकसष्ट ते एकोणसत्तर अशी नऊ रिळं. सत्तर सालच्या मार्चमध्ये बल्ब गेला, दुसरा मिळाला नाही, आणि बिस्किटाच्या डब्यातली ती रिळं तेव्हापासून तशीच होती. प्रत्येकावर चिकटपट्टीवर इंदूबाईंच्या अक्षरात साल लिहिलेलं होतं.

"हे पाहा," रविंद्र बल्ब उजेडात धरून म्हणाला. "काचेले इथं फोड आला आहे. दुकानदारानं सांगितलं, पाच मिनिटंही चालेल नाही तर पाच वर्षंही. म्हणजे आपण एकच रीळ धरून चाला. पुढचं आलं तर आलं. कोणतं लावायचं?"

"बासष्टचं लावशील तू," पुष्पलता म्हणाली. "नव्या बॅटचं. चार मिनिटांत तीन मिनिटं तूच आहे त्यात."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणणार होता."

तेवढ्यात प्रेमिला स्वयंपाकघराच्या दारातून हात पुसत म्हणाली, "एकोणसत्तरचं लावा."

दोघंही तिच्याकडे पाहू लागली. प्रेमिला काही मागत नसे. पानात काय वाढू विचारलं तर उरलं ते, कुठे बसतेस विचारलं तर कुठेही, असं तिचं छत्तीस वर्षं चाललं होतं.

"ते नको," मधुकरराव खुर्चीतून म्हणाले.

"काहून?"

"खराब झालं ते. बुरशी लागली."

रविंद्रने डब्यातून रीळ काढलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. "कुठं आहे बुरशी? मस्त तर आहे."

"आतून लागली असंल. तू पासष्टचं लाव. तुमची आई फाटकावर तारा बांधते ते. किती साजरी दिसते त्यात." एवढं बोलून ते थांबले. बायकोचं नाव मध्ये घातल्यावर कुणी वाद घालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आपण ते मुद्दाम घातलं याची त्यांना लगेच लाजही वाटली.

"बाबा म्हणतात तर पासष्ट," रविंद्र म्हणाला. "आज त्यांचा मान."

"आणि ताईचा कोणत्या दिवशी असतो गा मान?" पुष्पलता उसळली. "तू सहा महिन्यांतून एक कार्ड टाकतो, मी तेही टाकत नाही. इथं बाबाच्या गोळ्या कोण पाहते? तिनं आजवर एक गोष्ट मागितली."

"मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण आई..."

"एकोणसत्तरात आई नाही का? अरे, त्यातच तर आई-बाबा दोघं संग उभे आहेत फाटकापाशी. नवाच्या नऊ रिळांत तेवढंच एक. बाकी सगळीकडे बाबा कॅमेऱ्याच्या मागं."

रविंद्रच्या लक्षात आलं आणि तो तत्काळ फिरला. फिरण्यात तो लहानपणापासून पटाईत. "हाव गा बाबा! ते तर आपण विसरूनच गेलो. आता एकोणसत्तरच लावतो. तुम्हाले नको म्हणायचं कारणच काय?"

मधुकररावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लावा मग," ते म्हणाले.

खिडक्यांवर सतरंज्या टांगता टांगता प्रेमिलाने एक उलटी टांगली, आणि ती स्वतःवर चिडली. या वयात हे शोभतं का, असं तिने मनाला विचारलंही. आणि पुढची सतरंजी उचलली.

तिला एक चेहरा पाहायचा होता. बस, एवढंच.

गोळीबार चौकातल्या विणकरांच्या घरचा जागेश्वर. जातीने, धर्माने या घराशी काही संबंध नसलेला. पण नाताळच्या सकाळी मोहननगरभर फिरणाऱ्या गीतवाल्यांना ताल धरणारा कुणी मिळेना, तेव्हा सहासष्ट साली कुणीतरी त्याला ढोलकीसकट उचलून आणलं. पहिल्या वर्षी तो गीतं न कळता वाजवत होता. दुसऱ्या वर्षी त्याला सगळी पाठ होती. तिसऱ्या वर्षी प्रेमिला सुरात चुकली की तो थाप जरा जोरात मारी, म्हणजे चूक झाकली जाई. हे दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

सत्तरच्या फेब्रुवारीत तो इस्त्रीचा शर्ट घालून बाबांना विचारायला आला. बाबा म्हणाले, "ढोलक वाजवायले ठीक आहे." एवढंच म्हणाले. त्याने चहा अर्धा ठेवला आणि गेला. त्या उन्हाळ्यात त्याच्या घरच्यांनी उमरेडला त्याचं लग्न लावलं.

तिच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. एकोणसत्तरच्या रिळात मात्र तो होता, सहा-सात सेकंद. गीतवाले फाटकाशी थांबतात, तो ढोलक पोटावर सरकवतो, कॅमेऱ्याकडे पाहून काही बोलतो, आणि मग बाजूला पाहून हसतो. बाजूला ती उभी होती. तेव्हा ती शिकवायची ती शाळा सकाळची असे. बाबांनी त्याला नाही म्हटल्यावर महिनाभर ती रोज दुपारी आई मंडळीत, चर्चच्या बायकांच्या बैठकीला, गेली की सतरंजी टांगून ते रीळ लावी. आणि मार्चमध्ये बल्ब गेला. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. रोज रोज जाळल्यावर जाणारच. सगळ्या घराचा नाताळ आपण एकटीने जाळला, असं तिने मनाशी धरलं आणि कुणालाही सांगितलं नाही. आई शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाली होती, "मशीन लागत असतं तर पोरांले लहानपणीचं पाह्यलं असतं." त्या रात्री प्रेमिला उशीत तोंड खुपसून रडली होती.

मागच्या दिवाळीत उमरेडहून बातमी आली, कावीळ होऊन जागेश्वर गेला. ती ऐकून तिने त्याला आठवायला घेतलं, तर त्याचा मफलर आठवला, बोटांवरचे सुताचे रंग आठवले, आवाजही आठवला. चेहरा येईना. तिने चुलीशी, वर्गात, चर्चमध्ये बसून प्रयत्न केला. येईचना. आणि मग रविंद्रचं पत्र आलं की बल्ब मिळाला.

मधुकररावांनी खुर्ची मुद्दाम मागे, दाराशी ओढून घेतली.

त्या रिळात जागेश्वर नाही, हे या घरात एकट्या त्यांना माहीत होतं. तो त्यांनीच कापला होता.

करायला सांगितलं होतं मात्र इंदूने. सत्तरच्या मार्चमध्ये एका दुपारी ती मंडळीतून लवकर परत आली, आणि मशीनवर हात ठेवला तर गरम. मग तिने दोन-तीन दिवस खिडकीशी कान देऊन पाहिलं. रात्री नवऱ्याला म्हणाली, "पोरगी भिंतीसंग बोलून राहिली. त्याचं वाक्य म्हणते आणि रडते. असं तर ती वेडी होऊन जाईल. काढून टाका ते." तिने शिवणाच्या डब्यातली कात्री स्वतः आणून दिली. त्यांनी कापलं, चिकटवलं. कापलेला वीतभर तुकडा बंबात टाकला. तो नीट जळलादेखील नाही, नुसता आक्रसला आणि आंघोळीच्या पाण्याला दोन दिवस वास येत राहिला. पण पोरीने पुन्हा रीळ लावलं म्हणजे? म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी बल्ब पोत्यात गुंडाळून फोडला आणि घरात तो गेला म्हणून सांगितलं. एक लपवायला दुसरं. त्या गोष्टीबद्दल नवरा-बायको नंतर कधी बोलले नाहीत, पण प्रेमिला मुकाट्याने समोरून गेली की दोघं एकमेकांकडे पाहत. तेवढ्या पाहण्यावर ते निभत होतं. इंदू गेल्यावर पाहायला कुणी राहिलं नाही.

"बाबा, तुम्ही इतके मागं काहून बसले?" रविंद्र म्हणाला. "आईसंग तुमचं लगीनच आहे आज, समोर या."

"इथून दिसते मले."

मशीन घरघरायला लागलं. भिंतीवर टांगलेल्या पलंगपोसावर आधी पांढरा चौकोन, मग केसांसारख्या रेघा, आणि मग एकदम इंदूबाई. पाटावर बसून करंज्या कातत होत्या. मान वर करून रागावल्या.

पुष्पलता पाहतच राहिली. आई इतकी तरुण होती? मी आज आहे त्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, बस.

"'झाका वं ते, पोट्टे खाऊन टाकतात,'" प्रेमिला आईचं वाक्य बोलली. आवाज हुबेहूब नव्हता, पण चिडणं तेच होतं. तिघंही हसली.

भीमाबाई आत्या अनारसा दाखवत आली. तिचं रविंद्र बोलला. फाटकावर कागदाचा तारा, खाली संत्र्यांची टोपली, एक कुत्रं. कुत्र्याचंही रविंद्र बोलला. आणि मग फाटकाबाहेरून गीतवाले येऊ लागले, मफलर गुंडाळलेले, गळ्यात पेटी अडकवलेला एक, टाळवाले दोघे. सगळ्यांची तोंडं एकदम उघडत होती आणि मिटत होती. चौकटीच्या कडेला एक ढोलकी आली. ढोलकीवर एक हात. बोटं भराभर चालली होती.

पुष्पलताने ताईकडे पाहिलं. ताई पुढे झुकली होती. तिचे ओठ उघडले होते, वाक्य तयार होतं.

भिंतीवर एक काळी पट्टी सर्रकन वर गेली. फाटकापाशी बाबा आणि आई उभे होते.

"अरे! आले, आले!" रविंद्र ओरडला. "पाहा बाबा, काय रुबाब! टोपी पाहा! आणि आई लाजून राहिली!"

इंदूबाई पदराचं टोक दातात धरून जमिनीकडे पाहत होत्या. शेजारी मधुकरराव ताठ उभे, कॅमेऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी दटावत होते.

"बोला ना बाबा. काय म्हटलं होतं तुम्ही?"

मधुकरराव बोलले नाहीत.

"कोणी धरला होता कॅमेरा? मीच असेन."

"तू नव्हता," प्रेमिला म्हणाली. "तू मागं दिसून राहिला, करंजी खाऊन राहिला."

"मग कोण?"

पुष्पलताला आठवलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, काही नाही तरी इतकं तिला कळत होतं. ढोलकवाला म्हणाला होता की काका, तुम्हीही उभे राहा काकूजवळ, मी फिरवतो. तो बोलताना रिळात होता. फेब्रुवारीत सगळ्यांनी पाहिलं होतं. आता तो कुठे गेला? तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं. मशीनच्या उजेडात ते काठीवर हनुवटी टेकून बसलेले दिसले, डोळे मिटून. तिला काय ते समजलं आणि समजलं नसतं तर बरं, असं वाटलं.

भिंतीवरचे मधुकरराव अजून दटावतच होते. रीत अशी होती की जो बोलत नाही त्याचं वाक्य शेजारच्याने बोलायचं.

"'नीट धर गा, जागेश्वर,'" प्रेमिला म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "'हलवू नको.' असं म्हटलं बाबांनी."

चित्र मुळीच हलत नव्हतं. त्याने कॅमेरा अगदी नीट धरला होता.

रीळ संपून फटफट वाजायला लागलं. बल्ब ठणठणीत होता. रविंद्र लहान मुलासारखा आनंदला. "पाह्यलं? काही नाही झालं त्याले! आता पासष्ट लावू, मग बासष्ट. सगळेच पाहू गा, बसा!"

"तुम्ही पाहा. मी चहा टाकते," प्रेमिला म्हणाली.

पुष्पलता उठू लागली. मधुकररावांनी तिला हाताने बसवलं आणि काठी टेकत स्वतःच स्वयंपाकघरात गेले.

प्रेमिला स्टोव्ह पंप करत होती. बाबा दारात आले आहेत हे तिला कळलं, पण तिने मान वळवली नाही. आतून मशीनची घरघर आणि रविंद्रचं ओरडणं ऐकू येत होतं. आधण आलं, तिने त्यात साखर घातली.

"तेरा वर्षं मले वाटे, बल्ब मीच जाळला," ती शेवटी म्हणाली. "रोज लावून लावून. आई मरताना म्हणाली, मशीन लागत असतं तर. तेव्हा मले वाटलं, मी आईचंही घेतलं."

मधुकररावांना हे माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीला हात लावला. "बल्ब मी फोडला," ते म्हणाले. "तुझा काही दोष नव्हता."

"आणि तुकडा?"

"बंबात टाकला."

तिने आलं ठेचलं, पातेल्यात टाकलं. "मले त्याचा चेहरा आठवत नाही बाबा. त्याच्यासाठीच म्हटलं, एकोणसत्तर लावा. लग्न नाही, काही नाही. निस्ता चेहरा पाहायचा होता."

ते उभे होते. क्षमा कर म्हणावं, असं त्यांना वाटलं. दर रविवारी ते देवाला म्हणत आले होते. पोरीला म्हणायला तोंड उघडेना.

मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. "आईले माहीत होतं?"

खरं सांगितलं तर ओझं निम्मं होत होतं. तुझ्या आईनेच सांगितलं, तुझी काळजी होती म्हणून सांगितलं, कात्रीही तिनेच दिली. तीन वाक्यं होती. पण समोर उभ्या या बाईला नवरा नव्हता, पोर नव्हतं, आणि आता तर एका माणसाचा चेहराही नव्हता. एक आई तेवढी होती, नऊ वर्षांपूर्वी गेलेली, आज पुन्हा हिच्या तोंडून बोललेली. तीही आज आपण काढून घ्यायची का?

"नाही," मधुकरराव म्हणाले. "तिले नव्हतं माहीत. मी एकट्यानं केलं."

प्रेमिलाने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात कुठेतरी हायसं वाटल्याचंही होतं. "मले वाटलंच," ती म्हणाली. "तिले माहीत असतं तर तिनं करू दिलं नसतं."

"नसतं करू दिलं," ते म्हणाले.

तिने चहा गाळला. एक कप त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला, बाकीचे ट्रेमध्ये घेतले आणि बाहेर गेली. बाहेर रविंद्रने पासष्टचं लावलं होतं. "या ना बाबा," तो हाका मारत होता, "आई तारा बांधून राहिली!" पुष्पलता काहीतरी म्हणाली, तो हसला, आणि मग प्रेमिलाचा आवाज आला. ती आईचं वाक्य बोलत होती.

मधुकरराव तिथेच पाटावर बसले. त्या एका गोष्टीत त्यांना सोबत होती ती इंदूचीच, मेल्यावरसुद्धा. आज ती सोबत त्यांनी पोरीला देऊन टाकली होती. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण आपण विधुर झालो असं त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.